पावसाआधीची आवराआवर

भातशेतीची अवजारे मृगाच्या सुमारास घराबाहेर पडतात आणि कापणी-मळणी उरकली की पुन्हा माळ्यावर चढतात. काजूच्या भट्टीची भांडी याच्या नेमकी उलट वाट चालतात. फाल्गुनात ऊन तापू लागले की ती मांगरातून बाहेर येतात आणि नांगर बाहेर पडण्याच्या आत ती धुऊन, वाळवून, पालथी घालून अंधारात गेलेली असली पाहिजेत, असा आमच्या सत्तरीतला परिपाठ. काम मार्च ते मे, जेमतेम तीन महिन्यांचे. उरलेले नऊ महिने ही भांडी नुसती असतात. गोव्याच्या फेणीविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. तिचा वास, तिची धुंदी, तिच्यावर रचलेली गाणी आणि तिच्यापायी बुडालेली घरे, सगळ्यांचे वर्णन झाले आहे. या नऊ महिन्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. बोलण्यासारखे त्यात काही नसावे, असा समज असेल. मला लहानपणापासून भट्टी पेटलेली असतानाच्या गडबडीपेक्षा ती निवल्यानंतरची आवराआवर अधिक जवळची वाटत आली आहे. आमच्या घरात ती आवराआवर थोरली काकी करीत असे, हे त्याचे कारण.

काजू हे झाड आमचे नव्हे. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते इकडे आणले, आणि त्याचे नावही तिकडच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीज भाषेत व तेथून आपल्या तोंडी आले. पण आज सत्तरीच्या डोंगरउतारावर ते असे काही पसरले आहे की रानाला त्याची ओळख विचारण्याची गरज वाटत नाही. त्याचे बोंड झाडावरून तोडायचे नसते. ते आपोआप गळून पडले म्हणजे पिकले असे समजायचे आणि टोकाला खिळा मारलेल्या काठीने टिपून टोपलीत टाकायचे. बी पिळून वेगळी करायची. ती व्यापाऱ्याकडे जाते. राहिलेले बोंड रात्र उलटेपर्यंतही धड राहत नाही. केळे दोन दिवस वाट पाहते, आंबा आढीत आठवडा काढतो. काजूच्या बोंडाला हा धीर नाही. कोणी हौसेने मद्य काढायचे ठरवले असेल असे मला वाटत नाही. ढिगाने पडून नासणाऱ्या फळाचे करायचे काय, या प्रश्नातूनच भट्टी उभी राहिली असावी.

बोंडे पायांनी तुडवायची जागा म्हणजे कोळंबी. उतारावरच्या कातळात कोरलेली, एका बाजूला रस वाहून जाण्यासाठी तोंड ठेवलेली उथळ कुंडी. तुडवून झालेल्या चोथ्याचा ढीग रचायचा, तो रानवेलीने आवळायचा आणि वर जड धोंडा ठेवायचा. रात्रभर त्यातून थेंबथेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो आम्हा मुलांचा. सकाळी पितळी पेला घेऊन आम्ही रांगेने उभे राहत असू, आणि तेवढ्यापुरती भट्टी ही आमच्या दृष्टीने अत्यंत सोज्वळ संस्था होती. पायांनी तुडवलेला पहिला रस मात्र कोड्यांत जाई. कोडे म्हणजे मोठ्या पोटाचे मातीचे मडके. मांगराच्या कोपऱ्यात ते अर्धे जमिनीत पुरलेले असते, त्यामुळे चैत्राच्या उन्हाळ्यातही त्याचे पोट गार राहते. त्यात रस ओतला की दुसरे काही घालायचे नाही. ना साखर, ना किण्व. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर फेस धरतो, मडक्याला कान लावला तर आत कुजबुज ऐकू येते, आणि तीन दिवसांत ती कुजबुज थांबते. फेणी हे नाव फेनावरून आले, असे जाणती माणसे सांगतात.

ही कुजबुज कोणाची, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू मागे ठेवणारे हे सूक्ष्म जीव फळाच्या सालीवर असतात, हवेत असतात, आणि वरचा झिलईचा थर नसलेल्या मातीच्या मडक्याच्या छिद्रांतही वस्ती करून राहतात. काकीने पाश्चरचे नाव ऐकले नव्हते. पण कोड्याला राख किंवा साबण लावू द्यायची नाही, हे तिचे व्रत होते. हंगाम संपला की कोडी खणून काढायची, गरम पाण्याने आतून विसळायची, तळाशी बसलेला गाळ हाताच्या तळव्याने पुसून घ्यायचा आणि तीन कडक उन्हे द्यायची. घासायचे नाही. शेजारच्या वाड्यावरच्या नव्या सुनेने एका वर्षी कोडे नारळाच्या काथ्याने घासून लख्ख केले, तेव्हा पुढच्या फाल्गुनात त्यात रस चार दिवस मुका राहिला, असे काकी सांगे. घडले असेल किंवा नसेलही. मडक्याला स्मरण असते, एवढे तिला सांगायचे असे. वाळलेले कोडे जमिनीवर पालथे ठेवताना तोंडाखाली दोन लाकडी पट्ट्या द्यायच्या, म्हणजे आतून वारा खेळतो. पावसाळ्यात बुरशी धरत नाही आणि विंचू आत शिरला तरी त्याला बाहेर पडायला वाट राहते. विंचवाची ही काळजी मला फार दिवस गंमतीची वाटे.

भाणाची कथा वेगळी. भाण म्हणजे रस उकळण्याचे भांडे. पूर्वी तेही मातीचेच असे. माझ्या आठवणीत आमच्याकडे तांब्याचे होते, आणि आता सर्वत्र तांब्याचेच आहे. (संस्कृतात भाण हा एकाच पात्राने बोलायचा नाट्यप्रकार आहे. भट्टीवर एकटा बसून रात्र काढणारा म्हातारा भांड्याशी बोलताना पाहिला की मला ते आठवते.) मातीच्या चुलाणावर भाण बसवायचे, त्याचे तोंड लाकडी झाकणाने बंद करायचे आणि फटी वारुळाच्या मळलेल्या मातीने लिंपायच्या. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात, आणि तिच्या मातीसारखी चिवट माती दुसरी नाही. भाणाच्या बगलेतून निघालेली नळी शेजारच्या लावणीत जाते. लावणी म्हणजे वाफेला थंड करून पुन्हा पाणी करणारे मडके. त्याच्या अंगावर सतत गार पाणी ओतत राहायचे. हात थांबला की वाफ वाया गेली. हे पाणी ओतणे हा आमच्या घरातल्या पोरांचा सुटीतला उद्योग होता. आता लावणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी आली आहे, आणि पोरांचे हात मोकळे झाले आहेत.

पहिल्या वाफेतून येते ते हुर्राक. सौम्य, फळाचा वास असलेले, आणि अल्पायुषी; ते त्याच उन्हाळ्यात संपवायचे. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा चुलीवर चढवले म्हणजे फेणी. हंगामाची पहिली धार राखणदारासाठी. वडाखालच्या दगडावर ती ओतली जाई, सोबत रोट ठेवला जाई, आणि आमचे आजोबा, जे स्वतः कधी ओठाला थेंब लावीत नसत, ते हे काम सोवळे नेसून करीत. ओसरीवर भागवत आणि मागीलदारी भट्टी, असे ते घर होते. यात काही विसंगती आहे असे त्या घरातल्या कोणाला वाटल्याचे मी ऐकले नाही. ते मला वाटू लागले ते पुष्कळ पुढे, पुस्तके वाचू लागल्यावर.

तांबे हे मद्यासाठी चांगले, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे: आंबलेल्या रसातले गंधकाचे उग्र अंश ते धरून ठेवते आणि धार निवळ होते. पण जे तांबे मद्य शुद्ध करते तेच ओलसर राहिले तर हिरवे पडते, आणि तो हिरवा कळंक विषारी. म्हणून भाणाला कोड्याच्या उलट वागणूक. कोडे घासायचे नाही, तर भाण घासल्याशिवाय ठेवायचे नाही. चिंचेचा कोळ, आमसुलाचे पाणी, बारीक राख. आत हात पुरेल तितका घालून काकी तासन्तास घाशीत असे. मग खोबरेल नव्हे, तेल नव्हे, काहीच लावायचे नाही. कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात तापवून, गार झाल्यावर पालथे घालायचे. नळी मात्र उभी टांगायची, दोन्ही तोंडे उघडी ठेवून, आणि दर अमावास्येला तिच्यात फुंकर घालून पाहायची. कुंभारमाशीने आत घर केले तर फाल्गुनात ते कळून उपयोग नसतो.

राहिल्या बाटल्या. मद्याची खरी सांभाळणूक तेथेच. फेणी ठेवायची ती गाराफांवात. पोर्तुगीज नाव, पोर्तुगीज रूप: फुगीर पोटाची, आखूड मानेची मोठी काचेची बाटली, वीसेक लहान बाटल्यांचा ऐवज पोटात घेणारी. तिच्या अंगावर वेताची विणलेली टोपली असते. ती शोभेसाठी नव्हे. एवढ्या पातळ काचेचे एवढे मोठे पोट टोपलीवाचून टिकायचे नाही. कोठीच्या खोलीत, जिथे दिवसाही कंदील न्यावा लागे, तिथे भाताच्या पेंढ्याच्या चुंबळींवर आमची सात गाराफांव ओळीने बसलेली असत. काचेच्या पोटात फेणीचे वय वाढत नाही, ती लाकडी पिंपातल्यासारखा रंग धरत नाही, पण तिचा तिखटपणा हळूहळू निवतो. काकीच्या मते तिला माणसांच्या बोलण्यापासून दूर ठेवले म्हणजे ती शहाणी होते.

लहान बाटल्यांची एक वेगळीच जात-व्यवस्था होती. हुर्राकासाठी सोड्याच्या आणि बियरच्या जुन्या बाटल्या. औषधी फेणीसाठी, म्हणजे सर्दी-पडशाला, बाळंतिणीच्या पाठीला चोळायला, बैलाच्या मुरगळलेल्या पायाला, एक निळी चौकोनी बाटली स्वयंपाकघराच्या शिंक्यावर. ज्या बाटलीत एकदा फेणी राहिली तिच्यात पुन्हा मध, तेल, गुलाबपाणी काही ठेवता येत नाही. वास सात पावसाळे धुऊन जात नाही. आणि ज्या बाटलीत एकदा घासलेट राहिले ती घरात यायचीच नाही. घासलेटाच्या बाटलीच्या गळ्यात काकी काळी दोरी बांधून ठेवीत असे. अंधारात हात लागला तरी दोरी कळावी म्हणून. दारूने माणूस मरतो हे तिला ठाऊक होते. चुकीच्या बाटलीने मरू नये एवढी तिची व्यवस्था होती.

दुसरी एक दोरी, लाल, गाराफांवांच्या टोपलीला बांधलेली असे. टोपलीच्या विणीतून आतली पातळी दिसते. वैशाखात ज्या उंचीपर्यंत फेणी भरली त्या उंचीवर ही दोरी. बुचातून थोडी उडून जाते, ते तिने गृहीत धरले होते. दिवाळीपर्यंत अर्धे बोट. त्याहून अधिक उतरली तर ती उडाली नाही, कोणीतरी काढली. आणि कोणी, हे घरात विचारायची गरज नव्हती. थोरले काका देखणे, गोड गळ्याचे, दशावतारात राजाची सोंगे काढणारे, आणि भट्टीच्या कामात सर्वांत जाणते होते. धारेचा वास घेऊन हुर्राक कुठे संपले आणि पुढची पाणचट धार कुठे सुरू झाली हे ते अंधारात सांगत. या जाणतेपणाची किंमत हळूहळू वसूल होत होती. आधी हंगामात, मग हंगामाबाहेर, मग सकाळी.

काकांना लाल दोरी समजली तेव्हा त्यांनी त्यावर उपाय काढला. जेवढी काढली तेवढे विहिरीचे पाणी. दोरीशी पातळी जुळली. त्यानंतरच्या एका दुपारी, मी अकरावीत असेन, मी काकीला कोठीच्या खोलीत पाहिले. तिच्या हातात काकांची काच होती. काच म्हणजे ग्राव मोजण्याची नळी. खाली पाऱ्यासारखा जड गोळा, वर बारीक मान आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी. कार्तिए नावाच्या मापाने चालणारी ही काच पोर्तुगीज काळापासून गोव्यात आहे. निव्वळ पाण्यात ती दहाच्या रेषेवर तरंगते. मद्यार्क जितका अधिक तितकी ती खोल बुडते. खऱ्या फेणीत एकोणीस-वीसपर्यंत. ऊन चढल्यावर मोजले तर ती थोडी अधिक बुडून खोटी स्तुती करते, म्हणून मोजायचे ते पहाटे. काकी भरदुपारी मोजत होती, कारण त्या वेळी काका झोपलेले असत. उंच पेल्यात फेणी ओतून तिने काच सोडली. काच डुलली, आणि स्थिर झाली ती सतरावर. दुपारच्या उष्म्याची खोटी स्तुती जमेला धरूनही सतरा. तिने सातही गाराफांव तपासली. चार सतरा-अठराला, दोन चांगली, एक चौदाला. मग पेल्यातली फेणी परत ओतली, काच पुसून तिच्या लाकडी पेटीत ठेवली आणि मला म्हणाली, वर जाऊन पाहून ये, चहाला दूध आहे का.

त्या दिवसानंतर तिने लाल दोऱ्या सोडून टाकल्या. भांडण झाल्याचे मला आठवत नाही. मला तेव्हा ती हरली असे वाटले होते. आज नक्की काय म्हणावे ते ठरवता येत नाही. एवढे खरे की विक्रीची फेणी त्या वर्षापासून बाजाराच्या दिवशीच घराबाहेर जाऊ लागली, कोठीत फार काळ राहिनाशी झाली, आणि उत्पन्नाचा डबा काकीच्या उशाशी आला. काका १९९४ साली गेले. यकृत. शेवटचे तीन महिने ते मांगरात, पालथ्या भाणाच्या शेजारी खाट टाकून झोपत. घरात उकडते म्हणत.

लोकांना वाटले, आता भट्टी बंद होणार. काकीने पुढची नऊ वर्षे ती चालवली. अबकारी खात्याकडून दरवर्षी काजूच्या पट्ट्यांचा लिलाव होतो; आमच्याकडे त्याला पावणी म्हणतात. त्या पावणीला पुरुषांच्या घोळक्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेली ती एकटी बाई मला आठवते. २००३ नंतर मात्र बोंडे टिपायला माणसे मिळेनात, सरपण मिळेना, आणि तिचे गुडघे चुलाणाशी बसू देईनात. भट्टी थांबली. पुढे २००९ साली गोव्याच्या काजू-फेणीला भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला, २०१६ साली राज्याने तिला वारशाचे पेय ठरवले, वर्तमानपत्रांत लेख आले. आमच्या मांगरात तोवर जाळी धरायला हवी होती. धरली नाहीत. भट्टी थांबल्यावरही काकी दर मे महिन्यात सगळी भांडी बाहेर काढी, कोडी विसळी, भाण चिंचेने घाशी, तीन उन्हे देई आणि पुन्हा पालथी घाली. ज्यात काही शिजलेच नाही ते कशाला घासायचे, असे माझ्या आईने विचारले तेव्हा ती म्हणाली, "भांड्यांचो कितें गुन्यांव?" भांड्यांचा काय गुन्हा. आईने पुन्हा विचारले नाही.

काकीचा नातू इंग्लंडात स्विंडनला असतो. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, त्या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन गोव्याची जी असंख्य मुले गेली त्यांतला तो एक. त्या गावात गोंयकारांची मोठी वस्ती आहे. २०१७ साली मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. जिन्याखालच्या फडताळात त्याने घरची बियर काढण्याचा संसार मांडला होता, आणि तो पाहताना मला पहिल्याच दिवशी काकी आठवली. इंग्लंडात १८८० पासून घरी बियर काढायला परवाना लागे. १९६३ साली ती अट गेली. आता विकायची नसेल तर कोणीही काढावी. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणे मात्र तिथेही गुन्हाच. नातवाकडे झाकणाची एक मोठी प्लॅस्टिकची बादली होती, चाळीस पिंटांची, म्हणजे सुमारे २३ लिटरची. झाकणात पाण्याचा एक छोटा सापळा. आतला वायू बुडबुड करीत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. मला त्या बादलीला कान लावण्याची गरज पडली नाही. कुजबुज जिन्याखालून बैठकीच्या खोलीपर्यंत येत होती.

पण त्याची सगळी धडपड काकीच्या उलट होती. काकी मडक्यातल्या जुन्या वस्तीला जपायची; हा तिला मारायला निघालेला. प्रत्येक वस्तू आधी सल्फाइटच्या पाण्यात. बादली घासताना काथ्या वापरायचा नाही, हे मात्र दोघांचे एक. फक्त कारण निराळे. प्लॅस्टिकवर चरा पडला की त्यात नको ते जंतू दडतात आणि पुढची बियर आंबते. बादल्या एकीत एक घालून ठेवायच्या नाहीत, तेही चऱ्यांच्या भीतीने. झाकण घट्ट लावून ठेवायचे नाही, कोंदट वास धरतो. बाटल्या तपकिरीच हव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड शिरला की बियरमधल्या हॉपच्या कडू अंशाचे विघटन होऊन घाणेरडा वास येतो. बाटली रिकामी झाली की त्याच क्षणी तीनदा विसळायची. तळाचा गाळ एकदा वाळला की निघत नाही. मग उलट्या टांगून निथळू द्यायच्या आणि धूळ जाऊ नये म्हणून खोक्यात पालथ्या. भरताना प्रत्येकीत अर्धा चमचा साखर. तिच्यावर उरलेले किण्व जगते आणि बाटलीतच वायू धरतो. वर पत्र्याचे दातेरी बूच, दोन दांड्यांच्या यंत्राने दाबायचे. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली ज्याचे पेटंट घेतले ते हे बूच. लहानपणी आम्ही ती गोळा करून डाव खेळलो होतो, ती घरात बसून बाटलीला बसवता येतात हे मला ठाऊक नव्हते. साखर जास्त झाली किंवा बादलीतले आंबणे पुरे होण्याआधी भरली, तर बाटली बाँबसारखी फुटते. म्हणून त्याच्याकडेही एक काच होती. आंबवण्यापूर्वी १०४० च्या आसपास, आंबून झाल्यावर १०१० च्या. दोन दिवस आकडा हलला नाही की भरायचे.

तो संध्याकाळी कामावरून येई, एक बाटली उघडी, दोन पेल्यांत ओती, आणि पिऊन होण्याच्या आधी उठून बाटली विसळून येई. मी त्याला विचारले नाही, पण तो आपणहून म्हणाला, की आजोबांचे जे झाले ते मला माहीत आहे, म्हणून फडताळात चाळीसच बाटल्या ठेवतो आणि भिंतीवर लिहून ठेवतो. मी भिंतीकडे पाहिले. पेन्सिलीच्या रेघा होत्या, पाचपाचांचे जुडगे करून.

२०१८ साली घराची वाटणी झाली. तीन भावांचे तीन वाटे. त्यात जमीन, बाग, देवघरातली समई यांच्याबरोबर भट्टीची भांडीही यादीत आली. मातीच्या कोड्यांना कोणी भाव दिला नाही. भाणाला मात्र तांब्याचा भाव होता. धाकट्या काकांच्या मुलांचे म्हणणे, म्हापशाच्या तांबटाला वजनावर द्यावे आणि पैसे तीन ठिकाणी करावे. त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचा माणूस येऊन गेला. त्याला भाण स्वागतकक्षात ठेवायचे होते, आतून दिवा सोडून. तांबटापेक्षा अडीचपट द्यायला तो तयार होता. सगळ्यांची मने तिकडे झुकली, माझेही झुकले. मोडीत जाण्यापेक्षा ते बरे, असे मी बोलूनही दाखवले. काकी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने एकच विचारले, "ताचे पोंदा उजो पेटयतले?" त्याच्याखाली आग पेटवणार का? हॉटेलाचा माणूस हसला आणि म्हणाला, नाही आजी, ते फक्त पाहण्यासाठी. मग नको, असे ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उशाचा डबा आणला, तांबटाच्या भावाने भाणाची किंमत काढायला लावली आणि दोन वाट्यांचे पैसे ओसरीवर मोजून ठेवले. बियांच्या विक्रीतले, वर्षानुवर्षे साठलेले. तिसरा वाटा तिचाच होता. तिचा स्वतःचा मुलगाही तेव्हा चिडला. ज्या भांड्याने आमच्या बापाला खाल्ले त्याच्यावर तू पैसे घालतेस, असे तो सर्वांदेखत बोलला. आजवर त्या घरात जे कोणी उच्चारले नव्हते ते त्या वाक्यात होते. काकी पैसे मोजत होती; ती थांबली, कुठवर आलो ते विसरली, आणि पहिल्यापासून पुन्हा मोजू लागली.

त्या वाटणीत नातवाने मागितली ती फक्त काच. लाकडी पेटीसकट ती तिने त्याला दिली. त्याने स्विंडनला जाऊन ती मॉल्टच्या काढ्यात सोडून पाहिली, तर आकडे वाचायचे राहोत, ती मान वर काढून उभीच राहिली. ते साहजिक होते. कार्तिएची काच पाण्याहून हलक्या द्रवांसाठी असते आणि साखरेचा काढा पाण्याहून जड. त्याने हे मला फोनवर सांगितले, आणि ती तशीच पेटीत ठेवली आहे म्हणाला.

भाण आता पलीकडच्या वाड्यावरच्या एका तरुणाकडे असते. तो अजून पावणीत उतरतो, पट्टा घेतो, भट्टी लावतो. काकी त्याच्याकडून भाडे घेत नाही, फेणीही घेत नाही. करार एवढाच की मृगाच्या आत भाण धुऊन, वाळवून आमच्या मांगरात परत यायला हवे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी घरी होतो तेव्हा तो ते टेम्पोतून घेऊन आला. ब्याऐंशी वर्षांची काकी काठी टेकत मांगरापर्यंत गेली. तिला आता नीट दिसत नाही. तिने भाण आडवे करायला लावले, खाली बसली, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि सावकाश तळ चाचपला. मग बोटे नाकाशी नेली, जिभेला लावली, पदराला पुसली. नळी जोडतात तिथे, बगलेत आतून, हिरवे राहिले आहे, असे तिने त्याला सांगितले. तो म्हणाला, काकी, पाऊस आला, सोमवारी करतो. आकाश खरोखरच भरले होते. तिने घरातल्या सुनेला हाक मारून चिंच भिजत घालायला सांगितली.